पाठ बघितलीस का?

व्हर्ना ओलेन्डॉर्फ नाणं हातात घ्यायची तेव्हा आधी त्याच्या लेबलावर पत्ता ठेवायची. खेळायचा पत्ता, चौकटची दुर्री, कडा मऊ पडलेली. आजकाल बरी नाणी सुटी येतच नाहीत. प्रतवारी करणाऱ्या कंपनीकडून टणक प्लास्टिकच्या डबीत बंद होऊन येतात आणि डबीच्या वरच्या पट्टीवर छापलेलं असतं, की हे अमुक सालचं, अमुक टांकसाळीचं, अमुक प्रतीचं. लोक पट्टी वाचतात, मान डोलावतात, आणि नाण्याकडे बघायचं राहून जातं. व्हर्नाला याचा भारी राग. म्हणून लिलावाआधी नाणी तपासायचं तिचं काम असं चालायचं: आधी पत्ता, मग भिंग, मग नाण्याचं तोंड, मग उलटून त्याची पाठ, आणि सगळं डोळ्यांत मुरल्यावर पत्ता उचलून लेबल काय म्हणतंय ते ऐकायचं.

आमच्या शेल बेंडचं लिलावघर बटणांच्या जुन्या कारखान्यात आहे. कधीकाळी इथे मिसिसिपी नदीतले शिंपले उकळून त्यांतून गोल चकत्या कापायचे, आणि त्या चकत्यांची बटणं होऊन साऱ्या अमेरिकेच्या सदऱ्यांवर जायची. कारखाना बंद पडून जमाना झाला, पण काठावरच्या चिखलात अजून शिंपले सापडतात, प्रत्येकाच्या अंगाला गोल गोल भोकं. व्हर्नाचं टेबल नदीकडच्या खिडकीपाशी. शरद ऋतूत सकाळी धुकं पार काचेला येऊन टेकायचं, पलीकडच्या काठावरचं इलिनॉय राज्य दिसेनासं व्हायचं, आणि भिंगाखालचं नाणं तेवढं जगात उरायचं. मग बाईचं मन तिथून निघायचं. हा डॉलर कोणाच्या खिशातून आला, कुठल्या वाफेच्या बोटीवर जुगारात गेला, कोणत्या मुलीनं लग्नाच्या दिवशी शकुनाला बुटात घातला, असं बघत बघत ती दूर निघून जायची.

"व्हर्ना!" लिलाव पुकारणारा मर्ल स्टकी मागून ओरडायचा. "कुठल्या सालात आहेस?"

"अठराशे ब्याण्णव. थांब जरा, बोट लागतेय धक्क्याला."

"तिकीट काढलंयस ना? नाहीतर तुझ्या पगारातून कापून घेतील."

एवढी वर्षं वाकून बसल्यानं तिची पाठ मात्र कामातून गेली होती. कमरेला पट्टा, खुर्चीवर उशी, आणि उठताना एक बारीक "आई गं". साऱ्या गावाला ती पाठ पाठ होती. चर्चच्या पायऱ्यांवर, किराण्याच्या दुकानात, जो तो विचारायचा, आणि ती विचारेल त्याला सांगायची, "आहे तशीच आहे."

विचारणाऱ्यांत एमेट ड्रिस्कल पहिला. एमेट पियानो सुरात लावून द्यायचा. उंच, खांद्यात किंचित वाकलेला, आणि बोलण्याचा भलता कंजूष. वाक्य सुरू करायचा आणि उरलेलं तुम्ही तुमच्या घरून आणलं असेल असं समजून गप्प बसायचा. नाण्यांचा नाद त्यालाही होता. शनिवारच्या लिलावाला मागच्या रांगेत बसायचा, क्वचितच बोली लावायचा. व्हर्नाच्या आईचा पियानो तिच्या बैठकीत होता. तो वाजवणारं घरात कोणीच नव्हतं, तरी एमेट वर्षातून दोनदा येऊन तो सुरात लावायचा. व्हर्ना ओव्हनमध्ये ॲपल पाय भाजून ठेवायची. तो दारातच विचारायचा, "पाठ कशी आहे?" ती म्हणायची, "आहे तशीच." तो स्वयंपाकघराच्या खिडकीकडे एक नजर टाकून "बरं" म्हणायचा आणि कामाला लागायचा.

आता कोणी म्हणेल, न वाजणारा पियानो पंचवीस वर्षं सुरात ठेवणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल हे बाईला कळू नये? गाव म्हणायचंच तसं. पण आमच्याकडे मनातलं तोंडानं बोलायची पद्धत नाही. ओव्हनमधलं बटाटा-हॅमचं कॅसरोल उचलून शेजाऱ्याच्या दारात ठेवायचं आणि समजून घ्यायचं असेल ते समजून घ्यायचं. व्हर्नाही वाट बघत होती. तो बोलेल म्हणून. चाळिशी गेली, पन्नाशी गेली, मग वाट बघण्याचीच सवय झाली आणि तिचं दुखणं पाठीच्या दुखण्यात मिसळून गेलं. गेल्या एप्रिलमध्ये एमेट वारला. पियानो तेव्हापासून हळूहळू सुरातून उतरत होता. पावसाळी हवेत एखादी तार आपोआप 'टंग' करायची, आणि व्हर्ना हातातलं काम थांबवून ऐकत राहायची.

ऑक्टोबरमध्ये एमेटची भाची जोलीन एक बुटांचं खोकं घेऊन लिलावघरात आली. ही नदीकाठी पाय आणि कॉफीचं दुकान चालवते, मोठ्या आवाजाची, मोठ्या हसण्याची बाई. त्या दिवशी मात्र खोकं ठेवताना ती हळू बोलत होती.

"मामाची नाणी आहेत, मिस व्हर्ना. बाकीची किरकोळ असतील. पण आमच्या पणजोबांचा डॉलर यात आहे. मर्लनी जाहिरातीत टाकलाय तो."

"विकायचाय तुला?"

"विकायचा नव्हता. पण मला मूल नाही, बाळ नाही. ज्याला त्यातलं कळतं त्याच्या घरी तरी जाऊ दे." मग ती हसली. "खरं सांगू? सापडला हेच नशीब. शेवटी शेवटी दवाखान्यात मामाला विचारलं, पणजोबांचा डॉलर कुठंय. तर म्हणाला, 'खिडकीत. उन्हात.' दोनदा म्हणाला. मी वेड्यासारख्या घरातल्या सगळ्या खिडक्या धुंडाळल्या! मेलेल्या माश्या निघाल्या नुसत्या. आणि हा आपला टेबलाच्या खणात."

व्हर्नानं डबी घेतली. लेबलावर दुर्री ठेवली. भिंगाखाली नाण्यावरच्या बाईचा तो चांदीचा चेहरा, झिजून मऊ झालेला, गालावर कित्येक अंगठ्यांची झीज. खाली साल, अठराशे त्र्याण्णव. तिला वाटलं, एमेटचा अंगठाही यात असेल. मन लगेच चालू लागलं, एमेटच्या आजोबांच्या शेतावर पोचलं, तिथे कणसं वाळत होती आणि कोणीतरी डॉलर दातांनी चावून बघत होतं. तिनं डबी उलटली. पाठीवर गरुड, त्याच्याखाली पानांची माळ, आणि माळेखाली टांकसाळीचं बारीक अक्षर. ओ. न्यू ऑर्लीन्स.

तिनं पत्ता उचलला. लेबल म्हणत होतं: एस. सॅन फ्रान्सिस्को.

यातली गोम अशी. त्या साली सॅन फ्रान्सिस्कोत डॉलर फार थोडे पाडले. लोक त्या 'एस' साठी आयुष्यभर वणवण करतात. 'ओ' वाला मात्र थोडं शोधलं की मिळतो. दोन्हींचं तोंड एकच, साल एकच. फरक फक्त पाठीवरच्या त्या मोहरीएवढ्या अक्षराचा, आणि डबीवरचं लेबल असतं तोंडाच्या बाजूला.

व्हर्नानं डबी पुन्हा उलटली, पुन्हा सुलटी केली. मर्लनं तिच्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. तो येऊन वाकला, त्यानंही भिंगातून बघितलं आणि खांदे पाडले.

"लेबल चुकलंय," तो म्हणाला. "जाऊ दे. शनिवारी बोलीच्या आधी मी मंचावरून पुकारीन. लेबल हे म्हणतंय, नाणं ते आहे, डोळे उघडे ठेवा आणि आहे तसं घ्या. आपल्याकडे चुकीचं लेबल न पुकारता कधी विकलं नाही, आता काय विकणार?"

नेमका त्याच वेळी गार्थ पॅक्सन तिथे होता. हा डॅव्हनपोर्टचा, जाहिरात वाचून खास त्या डॉलरसाठी गाडी हाकत आलेला, खिसा भरलेला आणि जीभ मोकाट सोडणारा. त्यानं डबी उलटीसुलटी केली आणि हसला.

"एमेट साधा वाटायचा नाही? खरा डॉलर गुपचूप फुंकला आणि घरच्यांना दाखवायला हे राखून ठेवलं. लेबल बघून कोण पाठ बघतंय!"

"तोंड सांभाळून," मर्ल म्हणाला.

"मी काय खोटं बोलतोय? मग खरा कुठंय? खिडकीत?" त्यानं जोलीनचं बोलणं ऐकलं होतं.

जोलीनचा चेहरा पडला. "आजीनं मरताना शपथ घातली होती मामाला," ती म्हणाली. "घराबाहेर विकायचा नाही म्हणून. आईनं दर नाताळात विचारलं. दर वेळी म्हणायचा, सुरक्षित आहे." तिचा आवाज फाटला. "आमच्याशी इतकी वर्षं खोटं बोलला?"

"नाही गं," व्हर्ना म्हणाली. "असं एकट्या नाण्याचं लेबल चुकत नाही. दोन नाणी बरोबर पाठवली की कंपनीत कधीतरी लेबलांची अदलाबदल होते. याचं लेबल त्याला, त्याचं याला. म्हणजे याचं जुळं कुठेतरी आहे. खरा 'एस', 'ओ' च्या लेबलाखाली. लेबलावरचा कंपनीचा नंबरसुद्धा याच्या लगतचा असणार."

"असेल ना," गार्थ म्हणाला. "विकत घेणाऱ्याच्या तिजोरीत."

जोलीन खोकं तिथेच टाकून निघून गेली. जाताना दारात म्हणाली, "पुकारा मर्ल, काय पुकारायचं ते. सगळ्या गावाला कळू दे." आमच्या गावात लिलावात जे पुकारलं जातं ते दगडावर कोरल्यासारखं असतं. शनिवारी मर्ल लेबल चुकल्याचं पुकारणार, मागून गार्थ आपलं शेपूट जोडणार, आणि एमेट ड्रिस्कल कायमचा लबाड ठरणार.

ते दोन दिवस व्हर्ना धुक्यातच वावरली. टेबलापाशी बसली की डोळ्यांसमोर ते जुळं नाणं. कुठे असेल बिचारं, दुसऱ्याच्या नावानं राहणारं? तिला ते एकदा ओमाहाच्या एका न्हाव्याच्या गल्ल्यात दिसलं, एकदा एका म्हातारीच्या शिवणाच्या डब्यात, बटणांमध्ये. दिवसाउजेडी बसल्या बसल्या डुलकी लागली, तर त्यात नदीकाठचे सगळे शिंपले उभे राहून आपापली भोकं शोधत होते, आणि एमेट पँट दुमडून पाण्यात उभा राहून एकेका शिंपल्याला कान लावत होता. "सापडलं का?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "पाठ..." आणि नेहमीसारखं उरलेलं वाक्य त्यानं गिळलं.

शुक्रवारी सकाळी ती सिंकपाशी कॉफीचा मग विसळत होती. धुकं विरत होतं आणि ऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत आलं होतं, तिच्या जांभळ्या फुलांच्या कुंडीवर. कुंडीला टेकवून एक डबी ठेवलेली असायची. तिथे ती इतकी वर्षं होती की आता दिसायचीही नाही, भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही तशी. एमेटनं तिला वाढदिवसाला दिलेलं नाणं. झिजलेला, साधा डॉलर, लेबलावर 'ओ'. तेव्हा तसल्या नाण्याच्या पैशांत दोघांचं बरं जेवण झालं असतं. व्हर्नाला त्याच्या किमतीशी काय करायचं होतं? त्यानं दिलं होतं. तिनं ते तोंड आपल्याकडे करून खिडकीत ठेवलं आणि रोज भांडी घासताना त्या चेहऱ्याकडे बघून मनातल्या मनात त्याच्याशी गप्पा मारल्या.

वाकल्यावर पाठीत कळ आली. सवयीनं ती स्वतःशीच म्हणाली, "आहे तशीच आहे बाई."

आणि मग ती तशीच वाकलेली थांबली.

तो वाढदिवस तिला आठवला. त्या आठवड्यात खोकी उचलताना पहिल्यांदाच पाठ धरली होती. ती कमरेवर हात ठेवून याच ठिकाणी उभी होती. एमेटनं खिशातून डबी काढून ओट्यावर ठेवली. कान लाल. म्हणाला, "घे. तुझ्याकडे राहू दे. पाठ बघ."

"बघते रे," ती म्हणाली होती. "सोमवारी नक्की बघते."

पुढल्या शनिवारी लिलावघराच्या जिन्यात त्यानं विचारलं होतं, "पाठ बघितलीस का?" हातातली टोपी गोल गोल फिरवत होता. ती नुकती डॉक्टरकडून आली होती, आणि डॉक्टर ऑपरेशन म्हणत होता.

"बघितली," ती म्हणाली होती.

"मग? काय ठरवलंस?"

"ठरवायचं काय त्यात? आहे तशी राहू दे. या वयात कशाला ती उलथापालथ?"

एमेटची टोपी फिरायची थांबली होती. "तू म्हणशील तसं," एवढंच बोलून तो जिना उतरून गेला होता. व्हर्नाला तेव्हा वाटलं होतं, माझ्या दुखण्याचं किती वाईट वाटलं याला.

तिनं कॉफीचा मग खाली ठेवला. ओले हात ॲप्रनला पुसले. डबीवर लेबलापाशी अंगठा ठेवला, कारण दुर्री लिलावघरात होती, आणि डबी उलटली. गरुड, पानांची माळ, माळेखाली अक्षर. भिंगाची गरजच नव्हती. ऊन थेट त्यावर पडलं होतं.

एस.

अंगठा काढून तिनं नंबर बघितला. लगतचा.

ती खुर्चीवर बसली आणि आधी हसली. हसू इतकं आलं की पट्टा सैल करावा लागला. जगातलं प्रत्येक नाणं उलटून बघणारी बाई, लेबलावर पत्ते ठेवणारी, आणि एवढं एक नाणं फक्त लेबल वाचून ठेवून दिलं! त्यानं तिच्यासाठीच तर रचलं होतं ते. दुसरी कोणीही बाई असती तर त्यानं तोंड उघडून विचारलं असतं. व्हर्ना होती म्हणून त्याला वाटलं, ही पाठ बघणारच, मला एक शब्द बोलायला लागणार नाही. घरातली सगळ्यात मोलाची वस्तू तिच्या ओट्यावर ठेवली आणि जिन्यात टोपी फिरवत उत्तर मागितलं. आणि ती म्हणाली, आहे तशी राहू दे.

मग रडू आलं. पंचवीस वर्षं तो दारात उभा राहून विचारत होता, पाठ कशी आहे, आणि ती सांगत होती, आहे तशीच. तो खिडकीकडे बघायचा, डबी तिथेच, तोंड आतल्या बाजूला, आणि म्हणायचा, बरं. रागावला नाही. नाणं परत मागितलं नाही. पियानो तेवढा सुरात ठेवला. व्हर्नाला आयुष्यात कोणाचा आला नव्हता इतका राग त्या माणसाचा आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, आणि ती मोठ्यानं म्हणाली, "अरे मुखदुर्बळा, एक वाक्य तरी पुरं करायचंस!" बैठकीत पियानोची एक तार वाजली, किंवा तिला तसं वाटलं.

शनिवारी लिलावघर भरलं होतं. चर्चच्या बायका मागे पाय आणि कॉफी विकत होत्या. जोलीन आली होती, शेवटच्या रांगेत, हाताची घडी घालून, जे व्हायचं ते ऐकायला. गार्थ पहिल्या रांगेत. व्हर्नानं सकाळीच मर्लला बाजूला घेतलं.

"तो डॉलर मी पुकारणार."

"तू? अगं तुला चर्चमध्ये प्रार्थना वाचायला सांगितली तर तू ताप आणतेस."

"आज ताप नाही."

ती मंचावर चढली. गावापुढे आपलं मन उघडायचं म्हणजे तिच्या लेखी उघड्यानं नदीत उतरण्यासारखं होतं. गप्प राहिली असती तर कोणाला काही कळलं नसतं. डबी तिच्या खिडकीत राहिली असती, आणि एमेटचं नाव चिखलात. तिनं खोक्यातली डबी वर धरली.

"लेबल म्हणतं एस. नाणं आहे ओ. लेबल चुकलंय." तिनं ॲप्रनच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून सोडली. "आणि हे याचं जुळं. लेबल ओ, नाणं एस. नंबर लगतचा. हा ड्रिस्कलांचा डॉलर. एमेटनं तो विकला नाही. मला दिला. पंचवीस वर्षं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. उन्हात."

मागे जोलीनच्या हातांची घडी सुटली.

गार्थला अजून पटेना. "एवढी वस्तू कोणी अशीच देतं? आणि काय आहे ते सांगतही नाही?"

"सांगितलं," व्हर्ना म्हणाली. "भेटेल तेव्हा सांगायचा. आधी विचारलं, पाठ बघितलीस का, आणि मग दर वेळी, पाठ कशी आहे. मला वाटलं, माझ्या पाठदुखीचं विचारतोय."

खोली आधी खो खो हसली. साऱ्या गावाला ती पाठ माहीत होती ना! मग एकेकाच्या लक्षात यायला लागलं, आणि हसू रांगेरांगेनं विझत गेलं. कॉफी ओतणारी बाई किटली धरून तशीच उभी राहिली. गार्थनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि ती तिथून हलवली नाही.

जोलीन पुढे आली. व्हर्नानं रुमालासकट डबी तिच्यापुढे केली. "तुमच्या घरची आहे. मला ती काय म्हणून दिली हे माहीतच नव्हतं, म्हणजे मी घेतलीच नाही म्हणायची."

जोलीननं डबी उलटली, अक्षर बघितलं, आणि डोळे पुसत मोठ्यानं हसली, तिचं नेहमीचं हसणं. "घराबाहेर विकायचा नाही अशी शपथ होती, मिस व्हर्ना. विकला कुठे? आणि घराबाहेर तरी कुठे दिला? त्याच्या मनानं तो घरातच दिला." तिनं डबी परत व्हर्नाच्या हातात ठेवून तिची बोटं वरून मिटवली.

मर्लनं नाक शिंकरलं आणि हातोडी उचलली. काम ते काम. "तर मंडळी, दुसरा अजून विकायचाय. लेबल चुकलेला, आहे तसा. कोण सुरुवात करतंय?"

चुकीच्या लेबलांचेही शौकीन असतात. दोनतीन बोल्या आल्या. आणि व्हर्नाचा हात वर गेला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मर्लनं चष्म्यावरून बघितलं. "व्हर्ना, बोली लावतेयस की पाठ ताणतेयस?"

"दोन्ही," ती म्हणाली.

त्यानंतर कोणाचाच हात वर गेला नाही. मर्लनं हातोडी इतकी हळू टेकवली की आवाजच झाला नाही.

कंपनी अशी लेबलं फुकट बदलून देते. मर्लनं दोनदा आठवण केली, व्हर्नानं दोन्ही वेळा ऐकलं नसल्यासारखं केलं. आता त्या जांभळ्या फुलांच्या कुंडीला दोन डब्या टेकलेल्या असतात, शेजारी शेजारी, पाठ आतल्या बाजूला. भांडी घासताना ती त्यांच्याकडे बघते, आणि सकाळचं ऊन आलं की तिचे हात कितीतरी वेळ तसेच पाण्यात राहतात.

जोलीन अधूनमधून दुकानातला उरलेला पाय घेऊन येते. परवाही आली. दारातच, मामाच्याच सुरात, तिनं विचारलं, "पाठ कशी आहे, मिस व्हर्ना? बघितलीत का?"

"बघितली," खिडकीकडे बघत व्हर्ना म्हणाली. "उशीर झाला, पण बघितली."